बाळाच्या कपात काय घालायचं, यापेक्षा किती आणि किती गरम

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत लहान मुलांसाठीच्या गरम पेयांवर पानभर लेख आला आहे. मथळ्याखाली ‘६ महिने ते ३ वर्षे’ असं वय छापलंय आणि तिसऱ्याच कृतीत ‘कोमट पाण्यात चमचाभर मध’ दिलाय. बाकीचं पुढे लिहितो, पण हे आधी. वर्षाच्या आतल्या बाळाला मध बोटानेसुद्धा चाटवायचा नसतो, मग पाण्यातून पाजणं दूरच. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची कडक कवचातली सुप्त रूपं, असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात त्यांना थारा मिळत नाही. तान्ह्या बाळाच्या आतड्यात मात्र ते रुजतात, तिथेच विष तयार करतात आणि बाळ हळूहळू लुळं पडत जातं. आधी बद्धकोष्ठ होतं, मग रडण्याचा आवाज बारीक होतो, दूध ओढता येत नाही, मान धरवत नाही. तान्ह्या मुलांमधला हा आजार १९७६ साली पहिल्यांदा ओळखला गेला, म्हणजे ही काही कालपरवाची माहिती नव्हे. आणि पाणी गरम असल्याने बीजाणू मरत नाहीत. ते उकळत्या पाण्यातही टिकतात. त्यांचा नायनाट करायला दाबाखाली १२१ अंश सेल्सियस तापमान लागतं. ती ओळ पुढच्याच अंकात, त्याच पानावर आणि त्याच आकाराच्या अक्षरांत दुरुस्त करावी, ही पहिली विनंती.

आता मी कोण, ते सांगतो. मी महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहाय्यक होतो. जिवाणू वाढवायची माध्यमं तयार करणं, ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) लावणं, तापमानाच्या नोंदी ठेवणं यात नोकरी गेली. निवृत्त झालो आणि दिवसभरासाठी नात आमच्या ताब्यात आली. ती पावणेदोन वर्षांची आहे. तिला काय प्यायला द्यायचं यावर घरात चार माणसांची पाच मतं आहेत, त्यामुळे हा विषय मला वाचावाच लागला. नोकरीची खोड गेलेली नसल्याने स्वयंपाकघरात वापरायचा एक डिजिटल थर्मामीटर मी घेऊन ठेवलाय. तो दुधात बुडवला की हिचं ठरलेलं वाक्य येतं, “अहो, दूध आहे ते, तुमचं द्रावण नाही.”

लेखात दहा कृती आहेत. कपात काय काय घालायचं, ते सगळं सविस्तर आहे. पण कप केवढा, पेय किती गरम आणि दिवसातून किती वेळा, याबद्दल एक अक्षर नाही. फोटोतल्या प्रत्येक कपातून मात्र वाफ निघताना दिसते. माझं सगळं म्हणणं याच्याभोवती आहे.

मुळात दीड-दोन वर्षांच्या मुलाला गरम पेयाची गरज असते का? शरीराच्या दृष्टीने नसते. दूध कोमट दिलं काय आणि साध्या तापमानाचं दिलं काय, त्यातलं कॅल्शियम आणि प्रथिनं तेवढीच राहतात. पोटात गेल्यावर थोड्या वेळात सगळंच ३७ अंशांना येतं. गरम पिण्याची ओढ आपल्याला असते आणि आपल्याला बरं वाटतं म्हणून आपण ते मुलाला देतो. त्यात वाईट काही नाही. सर्दीने नाक चोंदलेलं असताना कोमट घोट मुलालाही सुखाचा वाटतो, सकाळी उठल्या उठल्या कोमट दूध हातात असलं की नात शहाण्यासारखी बसते. फक्त ती सोय आहे, औषध किंवा टॉनिक नाही, एवढं ध्यानात असलं की बाकीचे निर्णय सोपे जातात.

वर्ष पूर्ण झाल्यावर मुलाच्या कपात घालायला दोनच गोष्टी पुरतात, दूध आणि पाणी. आईचं दूध चालू असेल तर उत्तमच. जागतिक आरोग्य संघटना ते दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढेही चालू ठेवायला सांगते. वरचं दूध असेल तर ते पाश्चराइज केलेलं किंवा उकळलेलं हवं आणि दोन वर्षांपर्यंत साय न काढलेलं हवं, कारण या वयात मेंदूची वाढ जोरात असते आणि स्निग्धांश लागतो. वजन किंवा घरातला इतिहास पाहून डॉक्टरांनी वेगळं सांगितलं तर अर्थातच त्यांचं ऐकावं.

पण किती? इथे बहुतेक घरांत गाडी घसरते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची, आहारतज्ज्ञांची, हृदयरोगाची आणि मुलांच्या दातांची अशा चार संस्थांनी २०१९ साली एकत्र बसून पाच वर्षांखालच्या मुलांच्या पेयांवर शिफारशी दिल्या. त्यांत १ ते २ वर्षांसाठी दिवसाला साधारण ४८० ते ७२० मिलीलीटर दूध सांगितलंय. दोन वर्षांनंतर ४८० च्या आसपास. हा आकडा वरच्या टोकाने मोडला की काय होतं, ते आमच्याच इमारतीत पाहिलं. दोन वर्षांचा गोरापान, गुटगुटीत मुलगा. दिवसभर दुधाची बाटली तोंडात, जेवणाला मात्र तोंड फिरवायचा. “जेवत नाही, निदान दूध तरी पितोय” असं आई म्हणायची आणि बाटली पुन्हा भरायची. तो गोरेपणा फिकेपणा निघाला. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन बरंच खाली होतं. दुधाचा यातला दोष सरळ हिशेबाचा आहे. या वयाच्या मुलाला दिवसाला ७ मिलीग्रॅम लोह लागतं. एक लीटर गाईच्या दुधात ते अर्धा मिलीग्रॅमच्या आसपास असतं. वर दुधातलं कॅल्शियम आणि केसीन हे प्रथिन दुसऱ्या अन्नातलं लोह शोषू देत नाही, आणि पोट दुधाने भरलं की ते दुसरं अन्न पोटात जातच नाही. त्या मुलाला डॉक्टरांनी लोहाचं औषध दिलं आणि बाटली बंद करून दूध जेवणानंतर कपाने द्यायला सांगितलं. पहिला आठवडा रडारडीचा होता, भिंतीपलीकडून ऐकू यायचं. मग मुलगा जेवायला लागला.

म्हणून आमच्या नातीचा कप १२० मिलीलीटरचा आहे. मोजपात्राने मोजून मी त्यावर आतून दिसेल अशी खूण केली आहे. घरात याची बरीच चेष्टा झाली, पण आता सगळे त्याच खुणेपर्यंत ओततात.

दुधात घालायच्या पावडरींचं प्रकरण आमच्याकडेही झालंच. सूनबाईंचं म्हणणं असं, “बाबा, नुसतं दूध ती थुंकते. चव यायला काहीतरी घालायला नको का?” मी तिला डबा उलटा करून दाखवला. पुढच्या बाजूला उंच झालेली मुलं असतात आणि मागच्या बाजूला खरी माहिती असते. घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, ज्याचं वजन जास्त ते आधी. माल्टच्या पावडरींत धान्याच्या अर्कानंतर बहुधा साखर येते, कधी पुढे आणखी एखाद्या नावाने पुन्हा येते. समजा १०० ग्रॅम पावडरीत ३५ ग्रॅम साखर आहे आणि एका कपाला २० ग्रॅम पावडर लागते, तर कपागणिक ७ ग्रॅम साखर पोटात गेली, म्हणजे जवळजवळ पावणेदोन छोटे चमचे. दोन वर्षांखालच्या मुलाला वरची साखर मुळीच नको, असं हृदयरोगाच्या याच अमेरिकी संस्थेने २०१६ मध्ये सांगितलंय. (लेबल वाचताना एक काळजी घ्या. दुधाची स्वतःची साखर असते, १०० मिलीलीटरला साधारण ५ ग्रॅम. ती वेगळी. बघायची ती वरून घातलेली.) लोह, जीवनसत्त्वं ‘वाढवलेली’ असतात हे खरं आहे. पण मुलाला लोह कमी असेल तर ते डॉक्टरांनी वजनानुसार दिलेल्या थेंबांतून जावं, साखरेच्या पाठीवर बसून नको. वर्षानंतरच्या मुलांसाठी खास म्हणून विकली जाणारी ‘वाढीची’ दुधंही त्याच जातीची. २०१९ च्या शिफारशींत ती नकोत असं म्हटलंय, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात.

मग नातीच्या थुंकण्याचं काय झालं? विशेष काही नाही. दूध जरा कमी गरम केलं, कप तिच्या हातात दिला आणि आम्ही तिच्याकडे बघणं बंद केलं. काही दिवस अर्धा कप जमिनीवर गेला. आता पिते.

कोको आवडत असेल तर साखर नसलेली कोको पूड चिमूटभर चालेल, तीही दोन वर्षांनंतर आणि कधीमधी. तयार ‘हॉट चॉकलेट’च्या पाकिटात कोकोपेक्षा साखरच जास्त सापडते. बदामाच्या दुधाला दूध म्हणायचं ते रंगामुळे. त्यात प्रथिनं नावापुरती असतात. गाईचं दूध चालत नसेल तर कॅल्शियम आणि जीवनसत्त्वं मिसळलेलं, बिनसाखरेचं सोयाचं पेय हा त्यातल्या त्यात जवळचा पर्याय, तोही डॉक्टरांना विचारून. तांदळापासून केलेलं पेय दुधाच्या जागी नको, तांदळात आर्सेनिक उतरतं म्हणून ब्रिटनमध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी ते टाळायला सांगतात. हे सगळं लेखात एका दमात ‘दुधाचे आरोग्यदायी पर्याय’ म्हणून आलंय.

चहा. हा मोठ्यांच्या लाडाचा विषय. पाहुणे येतात, मूल कपाकडे हात करतं आणि कुणीतरी म्हणतंच, “एका घोटाने काय होतंय!” एका घोटाने काही होत नाही, खरंच नाही. पण घोट रोजचा होतो आणि मग तो जेवणाच्या वेळचा होतो. चहातली टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्यं, अन्नातल्या, विशेषतः धान्य-भाज्यांतल्या लोहाला धरून ठेवतात आणि शोषू देत नाहीत. आधीच लोहाची ओढाताण असलेल्या वयात हे परवडत नाही. कॅफिनचं गणितही करून पाहिलं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये मुलांसाठी दिवसाला वजनाच्या दर किलोमागे ३ मिलीग्रॅम ही मर्यादा मांडली. आमची नात ११ किलोची, म्हणजे ३३ मिलीग्रॅम. मोठ्या कपभर काळ्या चहात ५० च्या आसपास असतात. अर्ध्याहून थोडा जास्त कप झाला की मर्यादा संपली. आणि ही मर्यादा आहे, ‘एवढं द्यावं’ असा सल्ला नव्हे. कॅफिन काढलेला चहा द्यावा असं लेखात सुचवलंय, पण कॅफिन काढलं तरी टॅनिन राहतात.

वनस्पतींचे ‘नैसर्गिक’ चहा निरुपद्रवी असतात ही समजूत मला सर्वांत धोक्याची वाटते. चक्रफुलाचंच उदाहरण घ्या. हुबेहूब त्याच्यासारखं दिसणारं जपानी चक्रफूल विषारी असतं आणि दोहोंची भेसळ नजरेने ओळखू येत नाही. पोटदुखीवर म्हणून चक्रफुलाचा चहा पाजलेल्या बाळांना झटके आले, आणि २००३ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला तसा जाहीर इशारा द्यावा लागला. बडीशेपेचा चहासुद्धा युरोपची औषध नियामक संस्था चार वर्षांखाली सुचवत नाही. आपल्या लेखात या दोन्हींची कृती शेजारी शेजारी आहे.

सूप बरं. भाज्या शिजवून, घोटून, घट्टसर. पाणचट सूपने पोट भरतं आणि अन्न जात नाही. तयार क्यूब घालू नयेत, त्यांत मुख्यतः मीठच असतं, आणि १ ते ३ वर्षांच्या मुलाला दिवसभरातून सगळं धरून २ ग्रॅमच्या वर मीठ नको. मोठ्यांच्या पातेल्यात मीठ पडण्याआधी मुलाचं काढून घ्यावं. आणि वर्षावरच्या मुलाला खोकल्यासाठी रात्री अर्धा छोटा चमचा मध द्यायला हरकत नसते, मात्र रोज गोडीसाठी घातला तर तोही साखरेच्याच हिशेबात धरायचा.

आता वाफेकडे येतो. १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून कातडी किती अंशाला किती वेळात भाजते, याचं कोष्टक हाती आलं. प्रौढ माणसाची कातडी ६० अंशांच्या पाण्याने साधारण ५ सेकंदांत खोलवर भाजते. ७० अंशांना एक सेकंदही लागत नाही. ४९ अंशांना मात्र पाच मिनिटांहून जास्त लागतात. लहान मुलाची कातडी पातळ, त्यामुळे त्याला याहून कमी वेळ पुरतो. मी आमच्या जाड मगमधला चहा मोजला. ओतल्यावर ८० च्या वर, आणि पंधरा मिनिटांनी, जेव्हा मी ‘गार झाला’ म्हणून कुरकुरत होतो तेव्हा, अजून ५५ च्या वर. झाकणाच्या कपात तर अर्ध्या तासानेही तो बाळाला भाजेल इतका गरम होता. म्हणजे आपल्या जिभेला ‘गार’ वाटणारा चहा दीड वर्षाच्या मुलाच्या छातीवर सांडला तर तो गरमच.

आणि सांडतो तो मुलाचा कप नाही. सांडतो आपला. चालायला लागलेलं मूल टेबलाच्या कडेला हात लावतं, वरचं काही दिसत नाही, हाताला लागेल ते ओढतं. टेबलावर कापड असेल तर कापडासकट सगळं खाली येतं. चेहरा, मान, छाती, दंड, सगळं एका कपात भिजतं, कारण अंगच केवढंसं असतं. आमच्या घरचा नियम आता असा आहे की मूल मांडीवर असताना कुणीही गरम पेय हातात घ्यायचं नाही, पाहुण्यांनीही नाही. कप ठेवायचा तो ओट्याच्या भिंतीकडच्या बाजूला. मला पहिल्या दिवशी हा नियम जाचला, चहा आणि वर्तमानपत्र आणि नात हे त्रिकूट माझ्या आवडीचं होतं. आता नात झोपल्यावर चहा घेतो.

मुलाचं दूध ३७ ते ४० अंशांच्या दरम्यान असलं की पुरे. थर्मामीटर हवाच असं नाही, मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकावा, तो गरमही लागू नये आणि गारही. मायक्रोवेव्हमध्ये तापवलं तर मात्र हा थेंब फसवतो. त्यात पेय एकसारखं तापत नाही, भांडं बाहेरून कोमट आणि मध्येच एखादा भाग चटका देणारा. शक्यतो गरम पाण्यात कप ठेवून तापवावं. मायक्रोवेव्हच वापरायचा असेल तर चांगलं ढवळून, थोडं थांबून, मग थेंब.

एवढं करूनही भाजलंच तर पहिली धाव नळाकडे. वाहत्या, साध्या गार पाण्याखाली २० मिनिटं, घड्याळ लावून. वीस मिनिटं रडणारं मूल नळाखाली धरणं फार लांब वाटतं, पण दोन मिनिटांत काढू नये. उशीर झाला असला तरी पहिल्या तीन तासांत याचा उपयोग होतो. अंगावरचे कपडे आणि लंगोट लगेच काढावेत, ते उष्णता धरून ठेवतात. कातडीला चिकटलेलं कापड ओढू नये. बर्फ, टूथपेस्ट, तेल, तूप यांतलं काहीही नको. भाजलेला भाग पाण्याखाली, बाकीचं मूल मात्र उबेत गुंडाळलेलं. मग स्वच्छ कापड सैल झाकून डॉक्टरांकडे. या वयात भाजणं लहान दिसलं तरी दाखवावंच. पुढच्या वेळी पेयांच्या कृती छापाल तेव्हा पानाच्या एका कोपऱ्यात एवढा मजकूर बसतो, एक फोटो कमी केला तरी जागा होईल.

आपला,
एक वाचक आजोबा

ता. क. : बाटलीबद्दल लिहायचं राहिलं. झोपताना तोंडात दुधाची बाटली देऊ नये. झोपेत लाळ कमी सुटते, दूध वरच्या पुढच्या दातांभोवती साचून राहतं आणि दात किडतात. वर्षाच्या सुमाराला साध्या, उघड्या कपाची सवय सुरू करावी आणि दीड वर्षापर्यंत बाटली हद्दपार करावी. आम्ही दुपारची बाटली आधी बंद केली आणि रात्रीची सर्वांत शेवटी. उलट्या क्रमाने करू नये, सगळ्या घराची झोप जाते.